ज्वालामुखी उद्रेकांचे उपग्रहीय निरीक्षण

ज्वालामुखीच्या मुखातून बाहेर पडणारी उष्णता, राख आणि वायू यांची कृत्रिम उपग्रहांवरील उपकरणांनी नोंद घेणे व तिच्यावरून उद्रेकाची वेळ, त्याची तीव्रता, राखेच्या लोटाची उंची आणि वाटचाल निश्चित करणे, यास ज्वालामुखी उद्रेकांचे उपग्रहीय निरीक्षण असे म्हणतात. महासागरांच्या तळावरील अखंड पट्टे वगळता पृथ्वीवर जागृत होण्याचा संभव असलेले सु. १,३५० ज्वालामुखी आहेत. त्यांपैकी पुष्कळ ज्वालामुखी निर्जन बेटांवर, हिमाच्छादित पर्वतरांगांत किंवा वाळवंटी प्रदेशांत असून त्यांच्या पायथ्याशी साधा भूकंपलेखकही नसतो. अशा ठिकाणी उद्रेक झाल्याची पहिली वार्ता आज बहुधा उपग्रहाकडूनच मिळते.

या निरीक्षणाच्या इतिहासात तीन टप्पे स्पष्ट दिसतात. उद्रेक आकाशातून दिसणे, दिसलेल्या ढगात राख आहे हे ओळखणे आणि ही माहिती वेळेवर वैमानिकापर्यंत पोहोचविणे, हे ते तीन टप्पे होत. पहिला टप्पा १९६० नंतरच्या दशकात गाठला गेला. तिसऱ्यापर्यंत पोहोचण्यास आणखी सु. तीस वर्षे लागली. मधल्या काळात शेकडो प्रवाशांचे प्राण केवळ वैमानिकांच्या प्रसंगावधानाने वाचले.

उपग्रहपूर्व काळ : इंडोनेशियातील क्राकाटाऊ ज्वालामुखीचा महास्फोट २७ ऑगस्ट १८८३ रोजी झाला. त्याची धूळ विषुववृत्ताच्या अनुरोधाने सु. दोन आठवड्यांत पृथ्वीभोवती फिरली, हे नंतर सिद्ध झाले. परंतु ते सिद्ध करण्यासाठी जहाजांच्या रोजनिशा, वेधशाळांतील वायुदाबाच्या नोंदी आणि निरनिराळ्या देशांत दिसलेल्या विलक्षण रंगांच्या सूर्यास्तांची वर्णने एकत्र करावी लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीने नेमलेल्या समितीचा अहवाल १८८८ मध्ये, म्हणजे स्फोटानंतर पाच वर्षांनी, प्रसिद्ध झाला. राखेचा ढग कोठे आहे हे तो तेथे असतानाच सांगणे त्या काळी कोणालाही शक्य नव्हते. विमान वाहतूक नसल्याने त्याची तातडीही नव्हती.

प्रारंभ : हवामानाच्या निरीक्षणासाठी सोडलेला पहिला यशस्वी उपग्रह टायरॉस–१ हा अमेरिकेने १ एप्रिल १९६० रोजी कक्षेत पाठविला. या मालिकेतील उपग्रह मुख्यत्वे ढगांची चित्रे घेत. ज्वालामुखीची उष्णता मोजता येईल असा पुरावा १९६६ मध्ये मिळाला. आइसलँडच्या दक्षिणेस समुद्रातून १९६३ मध्ये वर आलेल्या सुर्टसी या नव्या बेटावर लाव्हा वाहत असता निंबस–२ उपग्रहावरील अवरक्त प्रारणमापकाने तेथे सभोवतालच्या समुद्रापेक्षा अधिक तप्त असा बिंदू नोंदविला. या उपकरणाच्या प्रतिमेतील लहानात लहान घटक सु. ८ किमी. रुंदीचा होता, लाव्हाचे क्षेत्र त्याच्या मानाने अगदीच अल्प होते. तरीही ते दिसले, याचे कारण तप्त पदार्थांच्या प्रारणाच्या नियमांत आहे. सु. १,००० से. तापमानाचा लाव्हा ३ ते ४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात थंड पृष्ठभागाच्या हजारोपट प्रारण उत्सर्जित करतो. त्यामुळे प्रतिमाघटकाचा अल्पसा भाग जरी लाव्हाने व्यापला, तरी संपूर्ण घटक उजळून निघतो. तप्त बिंदू शोधण्याच्या आजच्या सर्व स्वयंचलित पद्धती याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

जुलै १९७२ मध्ये लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडण्यात आला. त्यामुळे ज्वालामुखींची मुखे, लाव्हाचे प्रवाह व राखेने आच्छादलेले प्रदेश यांचे नकाशे तयार करता येऊ लागले. या मालिकेतील पुढच्या उपग्रहांवरील थीमॅटिक मॅपर या उपकरणाचा उपयोग करून पी. डब्ल्यू. फ्रान्सिस व डी. ए. रॉदरी यांनी १९८७ मध्ये चिलीतील लास्कार या दुर्गम ज्वालामुखीच्या मुखातील उष्णतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु असा उपग्रह एकाच स्थळावर पुन्हा येण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ लागत असे. काही तासांत आटोपणाऱ्या उद्रेकासाठी त्याचा उपयोग मर्यादित होता.

ही उणीव भूस्थिर उपग्रहांनी भरून काढली. विषुववृत्ताच्या वर सु. ३६,००० किमी. उंचीवर असलेला असा उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाच्या गतीनेच फिरत असल्याने तो एकाच गोलार्धाकडे सतत पाहत राहतो. अमेरिकेचा गोज–१ हा उपग्रह १९७५ मध्ये व जपानचा पहिला हिमावारी उपग्रह १९७७ मध्ये कार्यान्वित करण्यासाठी सोडण्यात आला. अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वताचा १८ मे १९८० रोजी उद्रेक झाला, तेव्हा गोज उपग्रहाच्या प्रतिमांमध्ये राखेचा ढग पूर्वेकडे पसरत जाताना क्रमाक्रमाने पाहता आला. राखेने तीन दिवसांत अमेरिका खंडाची रुंदी ओलांडली आणि सु. पंधरा दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. क्राकाटाऊच्या वेळी पाच वर्षांनी समजलेली गोष्ट आता घडत असतानाच दिसू लागली.

गालुंगुंगचा धडा : उद्रेक दिसणे म्हणजे धोका टळणे नव्हे, हे १९८२ मध्ये इंडोनेशियातील जावा बेटावर स्पष्ट झाले. ब्रिटिश एअरवेजचे लंडनहून निघून मुंबई, मद्रास व क्वालालंपूर मार्गे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडे जाणारे बोइंग ७४७ विमान २४ जून १९८२ च्या रात्री जावाच्या दक्षिणेस सु. ११ किमी. उंचीवर असता गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले. त्यात २४८ प्रवासी व १५ कर्मचारी होते. काही मिनिटांतच विमानाची चारही एंजिने बंद पडली. एंजिनांविना तरंगत विमान सु. ४ किमी. उंचीपर्यंत खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि राखेने घासून जवळजवळ अपारदर्शक झालेल्या काचेतून कसेबसे पाहत वैमानिकांनी ते जाकार्ता येथे उतरविले. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका ७४७ विमानावर याच ज्वालामुखीच्या राखेमुळे असाच प्रसंग ओढवला.

ज्वालामुखीची राख म्हणजे जळून उरलेली राख नसून ते काच व खनिजे यांचे अतिसूक्ष्म, कठीण व धारदार कण असतात. झोत एंजिनाच्या ज्वलन कक्षातील तापमान सु. १,४०० से.पर्यंत असते, तर राखेतील काच सु. १,१०० से. तापमानास वितळू लागते. वितळलेली काच टरबाइनाच्या थंड भागांवर थिजून हवेचा मार्ग अडविते व एंजिन बंद पडते. एंजिन थंड झाल्यावर हा थर तडकून काही अंशी गळून पडतो, म्हणूनच वरील विमानाची एंजिने पुन्हा चालू झाली. विमानावरील हवामान रडार पावसाच्या थेंबांवरून परावर्तित होणाऱ्या तरंगांवर अवलंबून असते. कोरडे व सूक्ष्म राखेचे कण त्याला दिसत नाहीत. रात्रीच्या अंधारात वैमानिकालाही ते दिसत नाहीत.

जपानच्या भूस्थिर उपग्रहाने गालुंगुंगच्या ढगांच्या प्रतिमा घेतलेल्या होत्या आणि त्यांचा अभ्यास पुढे प्रसिद्धही झाला. तथापि त्या काळी दृश्य व अवरक्त प्रतिमांत राखेचा ढग व गडगडाटी पावसाचा ढग हे दोन्ही सारखेच पांढरे व थंड दिसत. उष्ण कटिबंधातील आकाशात असे ढग रोजच असतात. ते वेगळे ओळखण्याची निश्चित कसोटी नव्हती आणि ओळखले गेले असते तरी ते वैमानिकास कळविण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था अस्तित्वात नव्हती.

गंधकयुक्त वायूंचे मापन : त्याच वर्षी एक महत्त्वाची पद्धत अनपेक्षितपणे हाती आली. मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखीचे मार्चअखेर व एप्रिलच्या आरंभी तीव्र उद्रेक झाले व त्यांत सु. २,००० लोक मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस–७ उपग्रहावर वातावरणातील ओझोनाचे मापन करणारे टॉम्स हे उपकरण होते. त्याच्या नोंदींत मेक्सिकोवर ओझोनाचे प्रमाण अविश्वसनीय इतके वाढलेले दिसले. ही वाढ ओझोनाची नसून सल्फर डाय-ऑक्साइड वायूची आहे, असे आर्लिन क्रूगर यांनी १९८३ मध्ये दाखविले. हे दोन्ही वायू जंबुपार किरणांचे शोषण लगतच्या तरंगलांब्यांवर करतात, परंतु त्यांच्या शोषणाचा आकृतिबंध भिन्न असतो. त्यावरून दोहोंची राशी वेगवेगळी काढता येते. एल चिचोनमधून सु. ७० लाख टन सल्फर डाय-ऑक्साइड बाहेर पडल्याचे आढळले. त्याच्या ढगाने सु. तीन आठवड्यांत पृथ्वीप्रदक्षिणा केली.

या शोधाने ज्वालामुखी व जलवायुमान यांच्या संबंधाविषयीची कल्पनाही स्पष्ट झाली. सेंट हेलेन्सच्या उद्रेकाचा बराच बोलबाला झाला असला, तरी त्यातून बाहेर पडलेला सल्फर डाय-ऑक्साइड सु. १० लाख टनच होता. राख काही दिवसांत खाली बसते. परंतु स्थितांबरात पोहोचलेल्या सल्फर डाय-ऑक्साइडापासून सल्फ्यूरिक अम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात व ते एक-दोन वर्षे तरंगत राहून सूर्यप्रकाश परावर्तित करतात. म्हणून उद्रेकाचा जलवायुमानावरील परिणाम त्यातील गंधकाच्या राशीवर मुख्यत्वे अवलंबून असतो.

राख ओळखण्याची कसोटी : राखेचा व पाण्याचा ढग वेगळे ओळखण्याचा उपाय ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ फ्रेड प्राटा यांनी १९८९ मध्ये मांडला. ध्रुवीय कक्षेतील नोआ उपग्रहांवर ११ व १२ मायक्रॉनांच्या आसपासच्या दोन लगतच्या पट्ट्यांत अवरक्त प्रारण मोजले जात असे. पाण्याचे थेंब व हिमकण १२ मायक्रॉनांच्या प्रारणाचे अधिक शोषण करतात. सिलिकायुक्त राख याच्या उलट ११ मायक्रॉनांच्या प्रारणाचे अधिक शोषण करते. परिणामी दोन पट्ट्यांतील तापमानांची वजाबाकी केल्यास सामान्य ढगासाठी बहुधा धन व राखेच्या ढगासाठी ऋण संख्या येते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान अचूक मिळावे म्हणून योजलेले हे दोन पट्टे अशा रीतीने राखेच्या ओळखीस उपयोगी पडले. ही कसोटी रात्रीही चालते, हा तिचा मोठा लाभ होय.

तिला मर्यादाही आहेत. मुखाजवळचा दाट, अपारदर्शक लोट, हिमाचा लेप चढलेले राखेचे कण, राखेवर आलेले पावसाळी ढग आणि उष्ण कटिबंधातील दमट हवा यांमुळे ऋण संख्या लोप पावते. उलटपक्षी वाळवंटातील धूळ राखेचा आभास निर्माण करते. म्हणून आजही अनुभवी विश्लेषकाची गरज संपलेली नाही.

रीडाउट व पिनातुबो : प्राटा यांचे संशोधन प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १५ डिसेंबर १९८९ रोजी, अलास्कातील रीडाउट ज्वालामुखीपासून सु. २४० किमी. अंतरावर केएलएम कंपनीचे बोइंग ७४७ विमान राखेत सापडले व त्याची चारही एंजिने बंद पडली. ४ किमी.हून अधिक खाली आल्यावर ती सुरू झाली आणि विमानातील २४५ जण अँकरेज येथे सुखरूप उतरले, विमानाचे सु. ८ कोटी डॉलरचे नुकसान झाले. या वेळी उद्रेक झाल्याचे माहीत होते; मात्र राख त्या क्षणी नेमकी कोठे आहे, ही माहिती वैमानिकाजवळ नव्हती. गालुंगुंगच्या प्रसंगात आढळलेली उणीव सात वर्षांनी पुन्हा प्रत्ययास आली.

फिलिपीन्समधील पिनातुबोचा १५ जून १९९१ चा उद्रेक हा उपग्रहयुगातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक होय. त्याच दिवशी लूझॉन बेटावर टायफून वादळ आल्याने भूमीवरून फारसे काही दिसत नव्हते. जपानच्या भूस्थिर उपग्रहाच्या प्रतिमांत मात्र ३५ किमी.हून अधिक उंच गेलेल्या लोटाचा छत्रीसारखा ढग एक हजार किमी.पेक्षा अधिक रुंद होताना दिसला. टॉम्सच्या मापनानुसार दीड ते दोन कोटी टन सल्फर डाय-ऑक्साइड स्थितांबरात गेला; त्याचा ढग २२ दिवसांत पृथ्वीभोवती फिरला आणि १९९२ मध्ये जागतिक सरासरी तापमान सु. ०·५ से.ने घटले. पिनातुबोच्या परिसरातील हजारो लोकांना वेळेवर हलविण्याचे श्रेय भूमीवरील निरीक्षकांचे आहे. भूकंपांच्या आणि वायूंच्या नोंदींवरून त्यांनी आधीच इशारा दिला होता. याउलट राखेच्या वाटेतील विमानांना पुरेसा इशारा मिळाला नाही; किमान १६ विमानांचे नुकसान झाले व त्यांपैकी पुष्कळ ज्वालामुखीपासून शेकडो किमी. दूर होती.

इशाऱ्याची व्यवस्था : आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय योजना १९८७ मध्ये सुरू केली होती. ज्वालामुखी राख व विमानसुरक्षा या विषयावरील पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद जुलै १९९१ मध्ये सिअ‍ॅटल येथे भरला. त्यानंतरच्या दशकात पृथ्वीवरील हवाई क्षेत्राची विभागणी करून अँकरेज, ब्वेनस एअरीझ, डार्विन, लंडन, माँट्रिऑल, टोकिओ, टुलूझ, वॉशिंग्टन व वेलिंग्टन अशी नऊ राख सल्लागार केंद्रे स्थापन करण्यात आली. उपग्रहांच्या प्रतिमा, ज्वालामुखी वेधशाळांची वृत्ते व वैमानिकांच्या नोंदी एकत्र करून ही केंद्रे राखेच्या ढगाची सीमा, उंची आणि पुढील काही तासांतील संभाव्य स्थान दर्शविणाऱ्या सूचना प्रसृत करतात. उपग्रहाने घेतलेली प्रतिमा वैमानिकाच्या उपयोगी पडण्याची वाट अशा रीतीने तयार झाली.

आइसलँडमधील एयाफ्यातलायकुत्ल ज्वालामुखीच्या एप्रिल २०१० मधील उद्रेकाने या व्यवस्थेपुढे नवा प्रश्न उभा केला. राख असल्यास उड्डाण नाही, या नियमानुसार यूरोपातील बहुतेक हवाई क्षेत्र सु. सहा दिवस बंद राहिले, सु. एक लाख उड्डाणे रद्द झाली व सु. एक कोटी प्रवासी अडकून पडले. राख कोठे आहे एवढे सांगणे आता पुरेसे राहिले नाही. ती किती आहे हेही सांगणे आवश्यक ठरले. त्यानंतर यूरोपात प्रति घ. मी. २ मिग्रॅ. व ४ मिग्रॅ. अशा संहतीच्या मर्यादा ठरवून क्षेत्रांची वर्गवारी करण्यात आली. मात्र उपग्रह ढगाच्या संपूर्ण जाडीतील एकूण राख मोजतो. ढग किती जाड आहे हे माहीत नसल्यास विमानाच्या उंचीवरील संहती त्यावरून थेट काढता येत नाही.

लोटाची उंची : म्हणूनच लोटाची उंची ठरविणे हा या निरीक्षणातील कळीचा व सर्वांत अवघड भाग आहे. वारा उंचीनुसार दिशा व वेग बदलत असल्याने उंची चुकल्यास पुढचे सर्व अंदाज चुकतात. रूढ पद्धतीत ढगाच्या माथ्याचे तापमान मोजून ते वातावरणाच्या कोणत्या उंचीवरील तापमानाशी जुळते हे पाहतात. स्थितांबरात तापमान उंचीनुसार वाढू लागत असल्याने तेथे या पद्धतीने एकाहून अधिक उत्तरे येतात, तर विरळ ढगातून खालची उष्णता आरपार येत असल्याने उंची कमी भासते. लोटाच्या सावलीची लांबी मोजणे, ढगाच्या वाटचालीची निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्यांशी तुलना करणे आणि लिडार हे पूरक उपाय होत. २००६ मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहावरील लिडारने २०२३ पर्यंत राखेच्या व अम्लकणांच्या थरांचे उभे छेद दाखविले.

दोन ठिकाणांहून पाहिल्यास वस्तूच्या भासमान स्थानात पडणाऱ्या फरकावर, म्हणजे पराशयावर, आधारलेली पद्धत १५ जानेवारी २०२२ रोजी निर्णायक ठरली. त्या दिवशी टाँगा राज्यातील हुंगा टाँगा–हुंगा हापाई या सागरी ज्वालामुखीचा महास्फोट झाला. समुद्रतळावरील दूरसंचार केबल तुटल्यामुळे टाँगाचा जगाशी संपर्क तुटला आणि प्रारंभी उपग्रहांच्या प्रतिमा हाच माहितीचा प्रमुख आधार होता. वेगवेगळ्या ठिकाणच्या भूस्थिर उपग्रहांच्या प्रतिमांवरून लोटाची उंची सु. ५७ किमी. निघाली. स्थितांबर ओलांडून गेलेला लोट प्रथमच मोजला गेला होता. सल्फर डाय-ऑक्साइड केवळ ४ ते ५ लाख टन असला, तरी सु. १५ कोटी टन बाष्प स्थितांबरात गेल्याचे ऑरा उपग्रहाच्या नोंदींवरून आढळले. एल चिचोनने दिलेल्या गंधकाच्या हिशेबात पाण्याचाही विचार करणे त्यामुळे भाग पडले.

भारताशी संबंध : अंदमान समुद्रातील बॅरन बेट हा भारतातील जागृत ज्वालामुखी पोर्ट ब्लेअरपासून सु. १३५ किमी. अंतरावर असून बेट निर्जन आहे. एकोणिसाव्या शतकातील उद्रेकांनंतर दीर्घकाळ शांत असलेला हा ज्वालामुखी १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला, तेव्हा लँडसॅटने रात्री घेतलेल्या अवरक्त प्रतिमांवरून भारतीय शास्त्रज्ञांनी त्याच्या उष्णतेचा अभ्यास केला. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट–३डी उपग्रहावर ११ व १२ मायक्रॉनांच्या आसपासचे दोन्ही पट्टे उपलब्ध झाले.

इथिओपियातील दुर्गम अफार प्रदेशातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा २३ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्रेक झाला. ऐतिहासिक काळात त्याच्या उद्रेकाची नोंद नव्हती. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन व ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशी रात्री वायव्य भारतावर आली. टुलूझ केंद्राच्या सूचनांनुसार विमानांचे मार्ग व उंची बदलण्यात आली आणि भारतीय कंपन्यांनी काही उड्डाणे रद्द केली. १९८२ मध्ये मुंबईहून पुढे गेलेल्या विमानास जी सूचना मिळू शकली नव्हती, ती या वेळी राख अरबी समुद्रावर असतानाच उपलब्ध होती.

सद्यःस्थिती व मर्यादा : हिमावारी–८ (२०१४) व त्याच्या धर्तीवरील भूस्थिर उपग्रह आता दर दहा मिनिटांनी पूर्ण गोलार्धाची प्रतिमा देतात. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल–५पी उपग्रहावरील उपकरण सल्फर डाय-ऑक्साइडाची अल्प राशीही दाखविते, तर रडार उपग्रहांच्या साहाय्याने उद्रेकापूर्वी होणारा भूपृष्ठाचा काही सेंमी.चा फुगवटा मोजता येतो. असे असले तरी पायथ्याशी राहणाऱ्या लोकांच्या रक्षणास उपग्रह पुरेसे नाहीत. कोलंबियातील नेव्हादो देल रूइसच्या १३ नोव्हेंबर १९८५ च्या मध्यम आकाराच्या उद्रेकाने हिम वितळून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात आर्मेरो शहर गाडले गेले व एकूण सु. २३,००० लोक मरण पावले. आकाशातून दिसणारा लोट त्या संकटाचे माप नव्हता. तेथे भूकंपलेखक, नदीच्या वरच्या अंगास असलेला पहारेकरी आणि वेळेवर शहर रिकामे करण्याचा निर्णय यांचीच आवश्यकता होती. उपग्रहामुळे दूरचा उद्रेक जवळ आला. त्याचा इशारा उपयोगी ठरणे मात्र तो ऐकून कृती करणाऱ्या व्यवस्थेवरच अवलंबून आहे.